सकाळची शाळा आणि स्वमग्न मुले

मा. संपादक,

खान्देशात ऊन तापले की शाळा सकाळची होते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी नुसती वेळ बदलत नाही. डबा, रिक्षा, तासांचा क्रम, सगळेच उलटेपालटे होते. मूल कान झाकते, वर्गाबाहेर पळते आणि शेरा मिळतो ‘हट्टी’.

शाळेच्या मानसशास्त्रज्ञाने आधी चार-पाच दिवस नोंद ठेवावी: त्रासाआधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. पुष्कळदा कारण घंटा किंवा परिपाठाचा लाऊडस्पीकर निघते. मग जागा बदलूनही भागते. वेळ बदलण्याच्या आठवडाभर आधीपासून दिवसातली कामे क्रमाने दाखवणारे चित्रांचे वेळापत्रक वापरावे. पाच-सहा चित्रे पुरेत. काम झाले की चित्र मुलानेच काढून ठेवावे. तक्ता भिंतीवर टांगून विसरला, तर त्याचा उपयोग जुन्या कॅलेंडरएवढाच! घरी अहिराणी बोलत असतील तर चित्राला घरचाच शब्द जोडावा.

स्वमग्नता मोजण्याच्या ‘आयएसएए’ या भारतीय चाचणीत 40 बाबी असतात; एकूण गुण 70 किंवा अधिक आल्यास स्वमग्नता धरतात. दिव्यांग हक्क कायदा, 2016 खालील सवलतींना अशा चाचणीवरून मिळणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. जागा बदलायला किंवा चित्रे लावायला मात्र ते लागत नाही, तरी अनेक शाळा कागद येईपर्यंत थांबतात.

– एक शालेय मानसशास्त्रज्ञ, जळगाव