मेंदूतली साखर मोजणारा सेन्सर इथेच बनू द्या : केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ बाईकवरून पडला, डोक्याला जबर मार, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. सिस्टर दर दोन तासांनी बोट टोचून शुगर बघायच्या आणि मी आकडा वहीत लिहायचे. एकदा डॉक्टरांना विचारलं, मेंदूत किती साखर पोचतेय ते कळतं का हो? म्हणाले, रक्तावरून अंदाज बांधतो, आत बघायची सोय नाही.

तेव्हापासून जमेल तसं वाचतेय. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जा खातो 20 टक्क्यांच्या आसपास, आणि साखर साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे जवळपास नाहीच. मार लागलेल्या मेंदूत तर रक्तातला आकडा नॉर्मल दिसत असतानाही आत टंचाई असू शकते. परदेशात काही न्यूरो आयसीयूत मेंदूत बारीक नळी घालून तासातासाला नमुना काढतात, पण तासाभरात बरंच काही होऊन जातं.

म्हणून सेन्सर हवा. एन्झाइम वापरून साखर मोजायची मूळ कल्पना 1962 ची, क्लार्क आणि लायन्स या संशोधकांची. आताची नेहमीची पद्धत अशी : ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम, म्हणजे साखरेची ऑक्सिजनशी क्रिया घडवणारं प्रथिन, बारीक तारेवर बसवायचं, साखर आली की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्याचा करंट मोजायचा. दंडावरचे शुगर पॅच याच एन्झाइमवर चालतात. मेंदूत मात्र अवघड आहे, तिथे व्हिटॅमिन सी भरपूर आणि तेही करंट देतं म्हणून तारेवर वेगळा थर द्यावा लागतो, भोवती पेशी जमून सेन्सर मंदावतो, शिवाय एन्झाइमला ऑक्सिजन लागतो आणि जखमी मेंदूत नेमका तोच कमी पडतो!

हे तीन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये सुटणारं काम नाही साहेब. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेने हृदयाची झडप इथेच बनवली, त्यालाही वर्षानुवर्षं लागली. आयआयटी बॉम्बेचं बेटिक हे वैद्यकीय उपकरणं बनवणारं केंद्र आहे, पुण्यात एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, माणसं आहेत. प्रयोगशाळेतल्या बीकरमधून प्राण्यांवर आणि तिथून आयसीयूपर्यंत न तुटणारा निधी द्या, पहिल्या दिवसापासून न्यूरोसर्जन सोबत ठेवा आणि सेन्सर फेल गेला तर तेही उघड छापायला लावा.

भाऊ आता चालतो बोलतो, पण ओळखीच्या माणसांची नावं विसरतो. आत साखर कमी पडली म्हणून असं झालं का, हे मला कोणीच सांगू शकत नाही, कारण ती मोजलीच नव्हती. हा विषय तुमच्या कोणत्या विभागाकडे जातो तेवढं तरी कळवा, मी पाठपुरावा करेन.

आपली,
एका पेशंटची बहीण, नाशिक