यादीतली एक ओळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

लग्न करावं की नाही, यावरची तुझी यादी वाचली. एका रकान्यात तुझ्या मित्राचे गुण, दुसऱ्यात तुझ्या तक्रारी. गैर काही नाही त्यात. आमच्या वेळी ही यादी घरातले मोठे करायचे, पगार, जागा, पत्रिका बघून, आणि आम्हाला नुसता निकाल कळायचा. चार्ल्स डार्विननेही 1838 मध्ये अशीच यादी केली होती: लग्न केलं तर वेळ जाणार, पुस्तकांना पैसे कमी पडणार, पण म्हातारपणी सोबत होईल, कुत्र्यापेक्षा तर बरीच! (त्याच्या होणाऱ्या बायकोने, एमाने, ती वाचली असती तर?) पुढच्या जानेवारीत लग्न झालंसुद्धा.

मला खटकली ती तुझी एकच ओळ. गुणांच्या रकान्यात तू लिहिलंयस, 'चार वर्षं दिली आहेत.' अगं, हा त्याचा गुण कसा झाला?

कॅरिल रसबल्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर पुष्कळ काम केलं. त्यांचं म्हणणं, माणसं नात्यात टिकतात ती सुखी असतात म्हणूनच असं नाही. दुसरं बरं काही दिसत नाही म्हणून टिकतात, आणि इतकं घातलंय ते जाईल म्हणूनही. 1995 च्या त्यांच्या एका अभ्यासात मारहाणीला कंटाळून आश्रयगृहात आलेल्या बायका होत्या. ज्यांचं त्या नात्यात जास्त गुंतलेलं आणि बाहेर आधार कमी, त्या परत त्याच घरी जाण्याची शक्यता जास्त होती. तुझा मित्र तसा नाही, मला ठाऊक आहे. पण हिशेबाची खोड तीच. जुनं वसूल व्हावं म्हणून बुडत्या खात्यात नवं कर्ज ओतणारे साहेब मी बँकेत पाहिलेत.

आणि तक्रारींमधलं 'सगळं मीच करते' हे जरा जपून लिही. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं की घरकामातला तुमचा वाटा किती, तर दोघांची बेरीज बहुधा शंभराच्या वर जाते. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच हे दाखवलंय. आपलं केलेलं आपल्याला आठवतं, बस. त्यालाही एक यादी करू दे, तुझी न दाखवता.

चार वर्षं खोडून उरलेलं पुन्हा वाच. 'लोक काय म्हणतील' हेही खोड; ते आमचं आम्ही बघू. बाबांना सांगितलंय, कार्यालयाचा इसार एवढ्यात देऊ नका.

तुझी,
आई