तालुक्याला एक मिस्त्री तरी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की जिल्हा परिषद शाळांच्या शिकस्त, म्हणजे मोडकळीला आलेल्या खोल्यांची बातमी येते. इतक्या खोल्या शिकस्त, इतक्यांचं निर्लेखन (वापरातून काढून टाकणं) मंजूर, नव्या खोल्यांसाठी निधीची मागणी. बातमी खरीच असते. पण खोली शिकस्त झाली कशानं, ते तिच्यात कधी नसतं. माझा जन्म त्याच कामात गेला, म्हणून चार गोष्टी लिहितो.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात मिस्त्री होतो. रोजंदारीवर लागलो, सलग पाच वर्षं भरल्यावर रोजंदारी कामगारांना नियमित करणाऱ्या १९६७ च्या कालेलकर अवॉर्डप्रमाणे सीआरटीत (रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेत) आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना, पंचायत समितीची क्वार्टरं, हेच आमचं काम. आमच्यात गवंडी होते, सुतार होता, रंगारी होता, वायरमन होता. सीआरटीतली जागा माणसासोबत जाते. माणूस निवृत्त झाला की त्याचं पदही संपतं, त्या जागी दुसरा घेत नाहीत. असे आम्ही एकेक करून घरी आलो. आज त्या ऑफिसात अभियंते आहेत आणि ते कामाचे आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका साहेबाकडं कितीतरी गावं, आणि थापी धरणारा माणूस एकही नाही.

आमचा भाग पूर्णाकाठचा, खारपाणपट्ट्याचा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. इथली इमारत खालून आणि वरून दोन्हीकडून झिजते. खाली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. छतावरचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडत राहिलं तर एका बाजूची माती जास्त फुगते, पाया उचलला जातो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. म्हणून इमारतीभोवती बाहेर उतार देऊन फरशी किंवा कोबा करायचा असतो, ज्याला अंदाजपत्रकात प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. निधी कमी पडला की पहिली काट त्याच्यावर बसते, कारण उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथल्या विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. वान, शहानूर धरणांचं गोडं पाणी नळानं गावात येतं, पण ते प्यायलाच पुरता पुरत नाही. मग ठेकेदार जवळच्या बोअरवरच काँक्रीट कालवतो आणि तराईही, म्हणजे नव्या कामावर रोज पाणी मारून ते पक्कं करणंही, त्याच पाण्यानं करतो. त्यातलं मीठ स्लॅबच्या लोखंडाला लागतं. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून करून घेतो. आधी छताला खालून पिवळसर डाग दिसतो, मग सळईच्या रेषेत बारीक भेग, मग ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज, आणि एक दिवस खपली खाली येते. डागापासून खपलीपर्यंत कितीतरी पावसाळे जातात. त्यातल्या कोणत्याही पावसाळ्याआधी कोणी शिडी लावून वर चढलं असतं तर खोली वाचली असती.

एक उदाहरण सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. दोन खोल्यांची शाळा, आवारात जुना कडुनिंब. सावली छान, पोरं डबा तिथंच खातात. पानझडीत त्याचा सारा पाला स्लॅबवर पडतो आणि पन्हाळीच्या पाइपाच्या तोंडाशी अडतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला की स्लॅबचं डबकं होतं. स्लॅब आणि पॅरापेट जिथं मिळतात तिथं सिमेंटचा वाटा असतो, कोपरा गोल करून पाणी आत सरकू नये म्हणून घातलेला. ४५ अंशांच्या उन्हात स्लॅब ताणला जातो, पॅरापेट वेगळा ताणला जातो, आणि हा वाटा सुटतो. एवढ्या फटीतून पाणी आत जातं. त्या शाळेत वाटा सुटलेलाच होता, फटीत पिंपळाचं रोपही उगवलेलं होतं. माझ्या गुरूंनी मला पहिल्याच कामावर सांगितलं होतं, "भिंत मंग पाह्य. पहिले पाणी कुठून येते थे पाह्य." त्या शाळेत पाणी कुठून येतं ते आठ वर्षाच्या पोरानंही दाखवलं असतं.

पाला काढणं, पिंपळ मुळासकट उपटणं, जुना वाटा खरवडून काढून गोड्या पाण्यात कालवलेल्या मालानं नवा भरणं. मिस्त्री आणि एक मजूर, दिवसभराचं काम, सिमेंट अर्धी गोणी. ते झालं नाही. त्याऐवजी भिंती रंगवल्या गेल्या. महाराष्ट्राचा नकाशा, पाढे, फळांची चित्रं. रंग चांगला होता, पण ओल्या भिंतीवर दिला होता. नकाशाचा अर्धा भाग पापुद्र्यासारखा सुटून आला. पुढं एका रविवारी छताची खपली बाकांवर पडली. शाळा बंद होती म्हणून निभावलं. आता दोन्ही खोल्यांचं निर्लेखन झालं आहे आणि पहिली ते चौथीची पोरं मारोतीच्या सभामंडपात बसतात.

तिथल्या बाई मला भेटल्या. म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, पत्रं देऊन थकले. मी शिकवू का स्लॅबवर चढू?" त्यांचं खरं आहे. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यातच वीजबिल, खडू, रजिस्टर, स्वच्छतेचं साहित्य, नळाची तोटी. त्यात गवंडी कुठून बसवायचा? आणि पैसे जमवले तरी माणूस मिळत नाही. गावातले चांगले गवंडी अकोला-अमरावतीच्या बांधकामांवर जातात, तिथं रोज मिळतो. एका दिवसाच्या शाळेच्या कामासाठी, तेही बिल कधी निघेल ते माहीत नसताना, कोण येईल?

ग्रामपंचायतीकडं पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आले, असं लोक म्हणतात. आले. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांतून गावाच्या गरजेची कामं करता येत होती, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. म्हणजे सिमेंट घ्या, पाइप घ्या, पेव्हर ब्लॉक बसवा, पण हे सांभाळणारा कुशल माणूस ठेवू नका. गावोगावी पेव्हर ब्लॉक का दिसतात आणि शेजारच्या समाजमंदिराची टाकी का वाहत असते, ते यावरून समजतं. टाकीतला बॉल कॉक बदलायला फिटर लागतो, त्याच्यासाठी पैशाचं शीर्षच नाही.

वेळेचंही तसंच आहे. दुरुस्तीचा निधी आला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायची धडपड असते. वर्ग भरलेले असताना, परीक्षा तोंडावर असताना घाईत प्लास्टर मारलं जातं, त्याला तराई मिळत नाही, आणि मे महिन्यात त्याच्यावर बारीक भेगांचं जाळं पडतं. आमच्या विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. दुरुस्तीला याहून चांगला मोकळा काळ कोणाला मिळत नाही. आणि नेमक्या त्याच काळात आमच्याकडं ना पैसा असतो ना माणूस.

वायरमनचा विषय मी गवंडी असूनही मुद्दाम काढतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर दवाखान्यांच्या तपासणीचे आदेश निघाले. तपासणीचा कागद हवाच. पण कागदावर आलेला दोष काढायला पान्हा-टेस्टर घेऊन जाणारा माणूस कोण? अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं, नाहीतर अर्थिंग नावालाच राहतं. आमचा वायरमन एप्रिल-मेमध्ये कोणत्याही इमारतीत गेला की आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा, मग बोर्ड उघडायचा. आता त्या खड्ड्यांची झाकणं कुठं आहेत तेही नव्या लोकांना दाखवावं लागतं. शाळांवर, आरोग्य उपकेंद्रांवर बसवलेल्या सोलरचंही असंच. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला कोणी नाही म्हणून संच बंद, आणि पॅनल वर चकाकत आहेत.

माणसं नाहीत असं मी मानत नाही. तालुक्याच्या आयटीआयमधून दरवर्षी वायरमन, इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, प्लंबर निघतात. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्या पोराला महिन्याला ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं. माझ्या ओळखीतला एक वायरमन झालेला पोरगा या योजनेत एका कार्यालयात लागला. त्यानं तिथं फाइली नेल्या, झेरॉक्स काढल्या, ऑनलाइन माहिती भरली. त्याच कार्यालयाच्या मीटरजवळची वायर उघडी होती. ती त्यानं दुरुस्त करावी असं कोणाला सुचलं नाही, आणि त्याला शिकवणारा जुना माणूसही तिथं उरला नव्हता. मुदत संपल्यावर तो चाकणला गेला. हात तयार असलेला पोरगा गावाजवळ राहायला राजी होता. त्याला आपण ठेवून घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे जमण्यासारखं आहे, कारण एका बाबतीत जिल्हा परिषदेनं ते करून दाखवलेलं आहे. हातपंपांसाठी दुरुस्ती पथक असतं. गाडी, यांत्रिक, मदतनीस, सोबत सुटे भाग. गावानं कळवलं की पथक जातं, पाइप वर काढतं, वॉशर बदलतं, साखळीला ग्रीस लावतं आणि पुढच्या गावाला निघतं. त्यातही उशीर होतो, लोक चिडतात, पण पंप कोणाचा आणि विचारायचं कोणाला हे गावाला माहीत असतं. इमारतीसाठी तसं का नको?

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक पंचायत समितीला एक कायम दुरुस्ती पथक द्या. एक गवंडी, एक वायरमन, एक प्लंबर, आणि दारं-खिडक्या, टिनाचे पत्रे धरणारे 'J' आकाराचे हुक पाहणारा एक सुतार किंवा वेल्डर. त्यांच्या हाताखाली आयटीआयची पोरं शिकाऊ म्हणून द्या. प्रत्येक इमारतीची एक वही ठेवा, तिच्यात कोणत्या तारखेला कोण वर चढलं आणि काय केलं ते लिहा. पथकाचा पगार जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातून किंवा राज्य शासनानं द्यावा, आणि सामानाला ग्रामपंचायतीचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला निधी वापरावा. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत पथकाला दुसरं कोणतंही काम देऊ नये, निवडणुकीचंही नाही. नवीन इमारत ठेकेदाराकडून ताब्यात घेताना साहेबांसोबत पथकाचा गवंडी वर चढावा आणि दोष दायित्वाचा काळ संपायच्या आधी पुन्हा एकदा चढावा. ठेकेदाराकडून फुकट करून घ्यायची दुरुस्ती केवळ कोणी पाहिलं नाही म्हणून सुटून जाते.

निधीचा आकडा मी सांगू शकत नाही, ते काम अभियंत्यांचं. पण एका निर्लेखित खोलीच्या जागी नवी खोली बांधायचं अंदाजपत्रक त्यांनी काढावं, शेजारी एका गवंड्याचा वर्षाचा पगार मांडावा, आणि तो कागद जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत ठेवावा.

शाळा उघडायला अजून अवधी आहे. आमच्या तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी स्लॅब दाखवायला बोलावलं तर मी येईन, मोबदला नको. गुडघ्यांमुळं मला आता वर चढता येत नाही. पण खाली उभा राहून कुठं ठोकायचं, कुठं खरवडायचं ते सांगता येतं. सोबत आयटीआयची दोन पोरं द्या, आणि तराईसाठी टँकरचं गोडं पाणी आधी मागवून ठेवा.

आपला,
एक निवृत्त मिस्त्री
पूर्णाकाठ, पश्चिम विदर्भ