भरती पाहून तारखा ठरवू

रेन, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू जूनमध्ये यायचं म्हणतोयस, पण जून नको. सप्टेंबरच्या शेवटी ये, आणि शक्यतो २७ तारखेला इथे पोहोच. कारण सविस्तर सांगतो. गेली अकरा वर्षं मी तुला "ये, ये" म्हणतोय आणि दर वेळी काहीतरी आडवं येतंय. आता तू निवृत्त झालास, वहिनींचीही शाळा सुटली. आता यायचंच, तर इथला, फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनीचा समुद्र पूर्ण ताकदीने उभा असेल तेव्हा ये.

२६ सप्टेंबरला भाद्रपदी पौर्णिमा आहे आणि विषुवदिन त्याच्या दोन-तीन दिवस आधीच होऊन जातो. वर्षातली सगळ्यात मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरमध्ये, विषुवदिनाच्या आसपासच्या पौर्णिमा-अमावस्यांना येतात. इथे उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी चढतो, म्हणजे २८-२९ तारखेला. त्या दोन दिवशी आपण सँ-मालो या समुद्रकाठच्या शहराच्या तटबंदीवर असलो पाहिजे. बाकी कार्यक्रमात कितीही बदल कर, हे दोन दिवस हलवू नकोस.

आपण तिसरी-चौथीत असू. हर्णैच्या धक्क्यावर बसून तू मला सांगितलं होतंस, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला. अण्णांनी तुला शिकवलं, तू मला. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी तोच हिशोब लावला आणि तो साफ चुकला. प्रत्येक बंदराला भरती पोहोचायची आपली वेळ असते, हे मला तेव्हा कळलं. सँ-मालोला उधाणाची भरती या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी साधारण आठच्या पुढेमागे येते आणि तळाची ओहोटी दुपारी तीनच्या सुमाराला. म्हणजे जेवण करून समुद्राच्या तळावर फिरायला जायचं.

तळावर हे शब्दशः घे. हर्णैला मोठ्या उधाणाला पाणी चढून चढून किती चढतं, फार तर दीड-दोन पुरुष. सँ-मालोला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर बारा मीटरपर्यंत जातं. चार मजली इमारतीएवढं पाणी सहा तासांत येतं आणि सहा तासांत जातं. अटलांटिकची भरती इंग्लिश खाडीत शिरते, पुढे खाडी अरुंद आणि उथळ होत जाते, आणि कोतांतँचं द्वीपकल्प वाटेत आडवं उभं असल्यामुळे पाण्याला पसरायला जागाच राहत नाही. मग ते वर चढतं. इथले होडीवाले बाराव्या हिश्शाचा नियम सांगतात: सहा तासांत पाणी एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा हिश्शांनी वाढतं. बारा मीटरला तो नियम लाव. मधल्या दोन तासांत दर तासाला तीन मीटर, म्हणजे मिनिटाला पाच सेंटिमीटर. एका पायरीवर नजर ठेवून उभा राहा, तुझ्या डोळ्यांदेखत ती बुडते.

इथे प्रत्येक भरतीला एक आकडा देतात, २० पासून १२० पर्यंत. शंभरच्या वरचा आकडा म्हणजे मोठं उधाण. आपल्याकडे पंचांग असतं तशी भरतीची छोटी पुस्तिका इथे वर्तमानपत्रांच्या दुकानात मिळते आणि किनाऱ्यावरच्या घरांत ती हाताशी असतेच. तुझ्यासाठी या वर्षीची घेऊन ठेवली आहे.

आता आठ वर्षांपूर्वीची एक गोष्ट. तुला मी ती कधी लिहिली नाही. सँ-मालोच्या तटाबाहेर ग्राँ बे नावाचं एक खडकाळ बेट आहे. ओहोटीला दगडी वाटेने चालत जाता येतं. तिथे शातोब्रियाँ या लेखकाची समाधी आहे, १८४८ सालची. समुद्राकडे तोंड केलेला ग्रॅनाइटचा क्रूस, त्यावर नावसुद्धा कोरलेलं नाही. मी एकटाच गेलो होतो, वाऱ्याला पाठ करून बसलो, आणि उठलो तेव्हा वाटेच्या मधल्या भागावरून पाणी वाहत होतं. वाट बुडली असेल तर बेटावरच थांबा, अशी सूचना तिथे लावलेली असते. मी थांबलो. सहा तास. समुद्राकडे पाठ करून बसू नये, हे अण्णांचं वाक्य मला त्या दिवशी मनापासून पटलं. संध्याकाळी शहराचे दिवे लागले, पाणी तटाच्या पायाशी जाऊन धडकायला लागलं, मग हळूहळू ओसरलं आणि रात्री साडेअकराला काळी, ओली वाट पुन्हा वर आली. थंडीने कुडकुडत होतो, पण इतका मोठा समुद्र मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता. आणि सगळा वेळ तुझी आठवण येत होती. शेजारी तू हवा होतास. तेव्हापासून हे मनात आहे, म्हणून तारखेसाठी एवढा हट्ट.

सँ-मालोला चार रात्री राहू. शहर तटबंदीच्या आत आहे. ऑगस्ट १९४४ च्या बॉम्बफेकीत आणि आगीत आतला सुमारे ८० टक्के भाग नष्ट झाला होता; नंतर लोकांनी ते दगडी शहर पुन्हा उभं केलं. तटावरून पूर्ण फेरी मारता येते. बाहेर नॅशनल फोर्ट म्हणून १६८९ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे, ओहोटीला वाळूतून चालत जायचं. सुवर्णदुर्गाला आपण होडीनेच जायचो, इथे तोच किल्ला दिवसातून दोनदा जमिनीला जोडला जातो असं समज. शहराचा वीर म्हणजे रोबेर सुर्कूफ. त्याने १८०० साली बंगालच्या उपसागरात 'केंट' हे इंग्रज कंपनीचं जहाज पकडलं. इंग्रजांच्या लेखी तो चाचा, इथल्या लोकांच्या लेखी राजमान्य दर्यावर्दी, आणि तटाजवळ त्याचा पुतळा समुद्राकडे बोट रोखून उभा आहे. तो पाहताना मला कान्होजी आंग्रे आठवतात. आपल्या सरखेलांनाही इंग्रजांनी चाचाच म्हटलं होतं.

तू पट्टीचा पोहणारा, तर बों-सकूरच्या किनाऱ्यावर समुद्रात बांधलेला तलाव आहे. भरतीला बुडतो, ओहोटीला भरलेला राहतो. पाणी थंड लागेल, पण तू उतरशीलच. आणि वीज मंडळात तुझी सारी नोकरी गेली, त्यामुळे राँस नदीच्या मुखावरचा प्रकल्प तुला दाखवायचाच आहे. भरती-ओहोटीवर चालणारं जगातलं पहिलं मोठं वीजकेंद्र, १९६६ पासून सुरू आहे. २४ टर्बाइन, २४० मेगावॉट. धरणावरून रस्ता जातो. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्या पातळीतला फरक उभ्याउभ्या दिसतो.

काँकाल तिथून जवळ. तिथे कालवांची शेती आहे. ओहोटीला ट्रॅक्टर समुद्राच्या तळावर उतरतात आणि कालवांच्या रांगा उघड्या पडतात. धक्क्यावर कालवं फोडून लिंबाबरोबर देतात, लोक तिथेच बसून कच्ची खातात आणि शिंपले खाली किनाऱ्यावर टाकतात. आपल्याकडे बायका खडकावर बसून कालवं फोडतात ते तुला आठवेल. कच्चं खायचं की नाही ते तू ठरव. मला आवडायला दोन वर्षं लागली.

वहिनींच्या जेवणाची काळजी करू नका. इथला मुख्य पदार्थ गॅलेट, म्हणजे थेट आपलं घावन. कुट्टूचं पीठ, पाणी, मीठ. पीठ मुरवून मोठ्या गोल तव्यावर लाकडी दांडीने गोल फिरवतात. वर अंडं, चीज आणि डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, पण मशरूम किंवा बकरीच्या दुधाचं चीज घालूनही मिळतं. दोन गोष्टी मात्र दर वेळी विचारायच्या: पिठात अंडं आहे का, आणि तवा कशाने पुसला. काही ठिकाणी अजून डुकराची चरबी वापरतात. गव्हाच्या पिठाचे गोड क्रेप त्यांनी टाळावेत, त्यात अंडं असतंच. क्विन्यामान मात्र पोटभर खायचं. ब्रेटन भाषेत त्याचा अर्थ लोण्याचा केक, आणि खरोखरच मैदा, साखर आणि बेसुमार खारं लोणी. बाकी भाड्याच्या घरात स्वयंपाकघर असेल. येताना मेतकूट, कुळथाचं पीठ, भाजणी आणि आमसुलं आणा. तूप, पेढे, खवा काही आणू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

सँ-मालोनंतर मी फक्त एकच मुक्काम धरलाय, ल गिलविनेक. अगदी पश्चिमेला, फिनिस्तेरमध्ये. फिनिस्तेर म्हणजे भूमीचा शेवट. तू यादीत गुलाबी ग्रॅनाइटचा किनारा आणि ब्रेआ बेट लिहिलं आहेस, दोन्ही सुंदर आहेत, पण बारा दिवसांत तेही धरलं तर आपण गाडीतच बसून राहू. मोठ्या मनाने सोडून दे. ल गिलविनेक हे मासेमारीचं बंदर आहे आणि इथे तू कंटाळणार नाहीस याची खात्री आहे. दुपारी साडेचार-पाचला किनाऱ्यालगतच्या होड्या एकामागोमाग एक आत येतात, जिवंत लांगुस्तिन उतरवतात (आपल्या कोळंबीची थोरली, नांगी असलेली बहीण), आणि माल थेट लिलावात जातो. वरच्या गच्चीवरून सगळं पाहता येतं. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावाची आरडाओरड मात्र इथे ऐकू येणार नाही. तिथून एक दिवस प्वँत द्यु रा या टोकाला जाऊ, जिथे खडकांमधून प्रवाह इतका उसळतो की जुने खलाशी त्याला नमस्कार करूनच पुढे जात असतील असं वाटतं. समोर क्षितिजाशी सँ हे सपाट बेट दिसतं. जून १९४० मध्ये तिथले शंभराहून जास्त पुरुष आपल्या होड्या घेऊन इंग्लंडला गेले आणि जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या द गॉल या फ्रेंच सेनानीच्या सैन्यात भरती झाले. घरोघरी फक्त बायका, मुलं आणि म्हातारे उरले. तू कोळीवाड्यात वाढलास, त्याचा अर्थ तुला वेगळा सांगायला नको.

ल गिलविनेकजवळच्या एकम्युलच्या दीपगृहाला ३०७ पायऱ्या आहेत. वहिनींचा गुडघा पाहता तुम्ही खाली थांबा, किंवा तू एकटा चढ.

परतताना कार्नाक. सुमारे तीन हजार उभे दगड, रांगाच्या रांगा, कित्येक हजार वर्षांपूर्वी रोवलेले. ऑक्टोबर ते मार्च त्यांच्यामधून मोकळं फिरू देतात, उन्हाळ्यात कुंपणाबाहेर राहावं लागतं. जून नको म्हणण्याचं हेही एक कारण. आणि गेल्या जुलैत पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली, त्याच बैठकीत आपले मराठ्यांचे बारा किल्ले आणि कार्नाकचे हे दगड जागतिक वारसा झाले. बारांत सुवर्णदुर्ग आहे. बातमी वाचली त्या रात्री मी तुला फोन केला होता, तू जेवत होतास.

कपडे: वाऱ्याला अडवणारं जाड जाकीट, दोन स्वेटर, न घसरणारे बूट. छत्री नको, पहिल्याच वाऱ्यात उलटी होते. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, बारीक भुरभुर दिवसभर चालू असते.

व्हिसाचं काम मार्चअखेरीला सुरू करू. प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच अर्ज घेतात. शुल्क माणशी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. तुम्ही रेनला माझ्याकडे उतरणार, त्यासाठी मला इथल्या नगरपालिकेतून यजमानपत्र काढावं लागेल. तुमच्या दोघांच्या पासपोर्टच्या प्रती पाठव. पॅरिसच्या विमानतळावरूनच रेनची थेट रेल्वे आहे, तिकीट मी काढतो. पॅरिस शेवटी, एक दिवस.

एक गोष्ट तुझ्यावर सोडतो. गणपती १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा गौरी-गणपती होऊन चाकरमानी परतले की तुम्ही मोकळे. पण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागतो, आणि अण्णांची तिथी त्यातच येते. सर्वपित्री अमावस्या १० ऑक्टोबरला आहे. ८ तारखेला इथून निघालास तर ती तुला घरी मिळेल. तिथी चुकली तर सर्वपित्रीला श्राद्ध करता येतं हे तुला ठाऊक आहे, पण अण्णांच्या बाबतीत तुझ्या मनाला ते चालणार नसेल तर स्पष्ट कळव. मग आपण मार्च २०२७ चं उधाण धरू. मला वाईट वाटणार नाही.

सँ-मालोच्या घराची मालकीण महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवते म्हणाली आहे. खिडकीतून ग्राँ बे दिसतं. वहिनींशी आणि भावाशी बोल, आणि २५ तारखेच्या आत उत्तर पाठव.

तुझाच,
बालमित्र