यंदाची दिवाळी वाईला

पुणे, कोजागिरी पौर्णिमा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका. सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता तर बाबांनी स्पीकर लावला असता, आई मध्येच रडली असती आणि मी "काही नाही गं, सहज" म्हणून ठेवून दिला असता.

तर, धनत्रयोदशीला मी वाईला येतेय. एकटीच. भाऊबीज झाली की परतेन. तिकीट काढलंय, घरी सांगून झालंय.

आई, पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू आला. नाही, भांडण झालेलं नाही. आत्याच्या वेळेसारखं तर काहीच नाही. यांना व्यसन नाही, हात उगारत नाहीत, मला डेंग्यू झाला तेव्हा चार रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढल्या. माणूस चांगला आहे, हे तुझ्याइतकंच मलाही माहीत आहे. फक्त सणावाराला मी घरात कुणाला दिसत नाही. फराळ दिसतो, रांगोळी दिसते, इस्त्रीचे कुर्ते दिसतात.

गेल्या पाडव्याला पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ती तुम्ही दिलेली जांभळी पैठणी नेसले. ओवाळताना यांचं लक्ष फोनमध्ये. ओवाळून झालं आणि म्हणाले, "जीपे केलंय बघ." ओट्यावर माझा फोन टिंग करून वाजला. पाचशे एक. तबक रिकामं उचलायला नको वाटलं, म्हणून माझ्याच पर्समधली दहाची नोट त्यात ठेवली. पोरं हसली. मीही हसले.

श्रावणात पन्नाशी झाली माझी. सकाळी सहाला तुझा फोन, त्यानंतर दुसरा नंबर बँकेच्या मेसेजचा. रात्री साडेनऊला ऐनवेळी मागवलेला केक आला, त्यावरचं नावही चुकलेलं. मी "किती छान" म्हटलं. म्हणायची सवयच झालीय.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. गेल्या वर्षीच्या अनारशांमुळे लिहितेय. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, पंच्यावर सुकवले, दळले, गूळ घालून पीठ मुरवलं. सगळं तू सांगितलंस तसंच. तरी पहिला घाणा हसला. कढईभर नुसता चुरा. बाकीचे नीट झाले, जाळी पडली. धाकटीने ताटाचा फोटो काढला, "घरचा फराळ" म्हणून टाकला आणि खाल्ला मात्र एकही नाही. रात्री तो चुरा मी वाटीत घेऊन दुधात कालवून खात बसले होते. थोरला पाणी प्यायला आला. "आई, हे काय खातेस?" म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला असेच आवडतात."

आई, हे वाक्य तुझं आहे.

वाईच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूच्या त्या कोपऱ्यात तू हसलेले अनारसे खायचीस आणि आम्ही विचारलं की हेच म्हणायचीस. मला खरं वाटायचं. वर मीच फणकाऱ्याने म्हणायचे, शेजारच्यांच्या करंज्या कशा खुसखुशीत असतात! बाबा, रागावू नका हं, पण तुम्ही पेपरमागून एवढंच म्हणायचात, "यंदा मोहन कमी पडलंय." चकली चांगली झाली की मुकाट्याने दुसरी उचलायचात. ती शाबासकी होती हे मला कळतं. आईला कळत होतं का, ते आपण कधी विचारलंच नाही. मीही नाही.

म्हणून येतेय. इथली काळजी करू नका. फराळाची ऑर्डर बचत गटाच्या ताईंना दिलीय. उटणं, तेल, साबण, पणत्या, सगळं काढून ठेवलंय. चिवडा तेवढा मी करून जाईन, बाहेरचा यांना तिखट लागतो. (हो, कळतंय मला.) पाडव्याला यांना कोण ओवाळणार म्हणशील, तर दादाला ओवाळते तसं व्हिडिओ कॉलवर ओवाळीन. शेजारणीला सांग, भाऊबीजेला माहेरी आलीय. खोटं नाही ते.

आता नीट ऐका. आई, भाजणी दळून आणायची नाही. गुडघा दुखत असताना जमिनीवर बसायचं नाही. मी येताना उंच स्टूल आणतेय, त्यावर बसून तू नुसतं सांगायचंस. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाआधी. बाबा, कंदील लावायला खुर्चीवर चढायचं नाही, वायर मी ओढीन. न्हाणीघरातला बल्ब मीच बदलेन. बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर आजच सांगा, "आहेत अजून चार" हे उत्तर चालणार नाही. आणि पाडव्याला तबकात नोट ठेवायची, हाताने, आईकडे बघून. मोहनाचा विषय काढायचा नाही.

एसटीचं तिकीट मला २०२३ पासून अर्धंच पडतं, तेव्हा गाडी करून ये म्हणू नका. खंबाटकीत अजूनही मळमळतं. आई, तू रुमालाच्या गाठीत आवळासुपारी द्यायचीस ना, ती यंदाही करून ठेव. परतीला लागेल.

गाडी संध्याकाळी सातपर्यंत पोचेल. स्टँडवर घ्यायला येऊ नका, रिक्षा करून येईन. बाबा, नको म्हटलं तरी तुम्ही येणारच. निदान स्वेटर घालून या.

तुमची,
बेबी

ता. क. यांचा फोन आला तर आई, "पाठवते हं लगेच" म्हणायचं नाही.