चिऊस, दादाविषयी

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तू आणि बाबा काळजी करू नका, दादाला मी बघेन." मी "बरं" म्हणाले. ते खोटं होतं. काल तुझ्या मैत्रिणीकडून कळलं की त्या लांबच्या नोकरीला तू नकार कळवायला निघाली आहेस. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस आणि मी मध्येच रडायला लागते, मग मुद्दा तसाच राहून जातो.

"बघेन" या शब्दाशीच मी अडले. आजवर बघणारे आपण तिघं आणि बघितला जाणारा तो. आता आम्ही दोघं थकलो की बघणारी तू एकटी. यात दादा कुठे आहे? पण ते पुढे लिहिते.

आमच्यानंतर दादाचं काय, हा प्रश्न आपल्याच घरावर येऊन पडलाय असं तुला वाटत असेल. खरं तर तो जगालाच नवा आहे. 1983 च्या सुमारास, म्हणजे दादाच्या जन्माआधी दहा वर्षं, अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दादासारख्या डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त) असलेल्या माणसाचं आयुर्मान सरासरी 25 वर्षं होतं. आज ते 60 च्या आसपास आहे. यातल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो, आणि "अशा" मुलाचं ऑपरेशन करायचं कशाला, असं म्हणणारे डॉक्टर तेव्हा कमी नव्हते. पूर्वी बहुतेक आईबाप मुलाला पोचवून मग स्वतः जात. आता मुलं मागे राहतात. केवढी चांगली गोष्ट! पण आमच्यानंतर काय, हे विचारायची वेळ आलेली आमची ही जवळजवळ पहिलीच पिढी. वाट मळलेली नाही, त्यामुळे सगळेच जरा चाचपडतो आहोत.

त्याआधीचं उत्तर म्हणजे मोठमोठ्या संस्था. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुकबद्दल आपण बोललो आहोत. 1972 साली एका टीव्ही पत्रकाराने आत कॅमेरा नेला तेव्हा उघडीनागडी, घाणीत बसलेली मुलं लोकांनी पहिल्यांदा पाहिली, आणि तरी ती संस्था कायमची बंद व्हायला 1987 उजाडलं. ते सगळं ऐकूनच तू म्हणतेस, संस्था नको, माझं घर आहे ना. मीही तीस वर्षं हेच म्हणत आले.

मग एक कागद वाचला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 सालचा. त्याचं 19 वं कलम म्हणतं की कुठे राहायचं आणि कोणाबरोबर राहायचं हे इतर कोणाहीप्रमाणे या माणसांनीही स्वतः निवडायचं. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने 2017 साली त्या कलमाचा अर्थ उलगडून सांगितला. शंभरावर माणसांची संस्था असो, पाच-आठ जणांचं छोटं निवासस्थान असो, नाहीतर एखाद्याचं घर असो, संस्थेची लक्षणं तिथे असतील तर त्याला स्वतंत्र जगणं म्हणता येणार नाही. लक्षणं कोणती, तर रोजच्या बारीकसारीक गोष्टी आपल्या हातात नसणं, ठरलेल्या वेळापत्रकाची सक्ती, मदत कोणाकडून घ्यायची हे ठरवता न येणं, चार माणसांपासून तुटलेलं असणं. मी वाचत गेले आणि मला आपलंच घर दिसायला लागलं.

शर्ट मी काढून ठेवायचा. केस कधी कापायचे ते बाबांनी ठरवायचं. बाहेरच्या दाराची वरची कडी त्याचा हात पोचणार नाही अशी आम्ही मुद्दाम लावून घेतली होती, आणि तो वीस वर्षांचा झाला तरी ती तशीच होती. झोपण्याचं तर तूच मला सांगितलंस, किती वर्षांनी! तू नववीत, अकरापर्यंत जागी. तो तुझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि त्याचा दिवा नऊला बंद. दाराच्या फटीतून तुझ्या खोलीतल्या उजेडाकडे तो बघत पडून असायचा. अशा माणसांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी 1969 साली लिहून ठेवलंय की या माणसांचा दिवससुद्धा चारचौघांच्या दिवसासारखा असावा, धाकट्या भावंडांच्या आधी त्यांना अंथरुणात घालू नये. इतकी साधी गोष्ट, आणि ती मला पन्नाशी उलटल्यावर परक्या माणसाच्या लिखाणातून कळावी. मी वाईट आई होते असं नाही गं. दमलेली होते. नऊनंतरचे दोन तास मला माझे हवे होते. पण संस्थेतही दिवे लवकर घालवतात ते कामाची माणसं दमलेली असतात म्हणूनच.

शाळेचं मी इथे काढत नाही. "बाकीच्या पालकांची हरकत आहे" हे वाक्य ज्या खुर्चीत बसून ऐकलं तिचा मोडका हात अजून डोळ्यांपुढे आहे. एवढं पुरे.

आता वाचनालयाचं सांगते, कारण त्यातलं निम्मं तुला माहीत नाही. सुरुवातीला मी त्याला घेऊन जायचे आणि शेजारी बसायचे. कोणी काही विचारलं की उत्तर मीच द्यायची. "याला गाड्यांची पुस्तकं आवडतात." "हो, बत्तीस वर्षांचा आहे, वाटत नाही ना?" सहा महिने गेले तरी त्याच्याशी कोणी बोलेना. सगळे माझ्याशी बोलायचे, मला फार छान वाटायचं. शेवटी ग्रंथपालबाई एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बाकावर बसाल का? तुम्ही असलात की आम्हाला त्यांना विचारायची सवयच लागत नाही." मला राग आला. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांशीही नीट बोलले नाही. पण पुढच्या गुरुवारी बाहेर बसले, त्याच्या पुढच्या गुरुवारी बागेत फेरी मारून आले.

आत काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांतून कळलं. परत आलेली पुस्तकं आधी रंगाच्या पट्टीप्रमाणे लावायची आणि मग आकड्यांप्रमाणे, हे त्यांनी त्याला दाखवलं. आधी एक कपाट, जमल्यावर दुसरं. शिवाय त्याच वेळी येणारे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना खालच्या फळीवरचं दिसत नाही, वाकताही येत नाही. ते त्याला हाक मारून पुस्तक काढून घेतात. इथे मला पहिल्यांदा कळलं की ओळख कशी होते. समारंभाला पाहुणा म्हणून बोलावून, हार घालून, फोटो काढून ती होत नाही. तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं, आणि हाताला असं काम की ते नाही झालं तर कोणाचं तरी अडेल. गेल्या पावसाळ्यात त्याला ताप आला तेव्हा तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मास्तर होते. "गुरुवारी आला नाही, बरा आहे ना?" चिऊ, याआधी अशा मुलांसाठीच्या त्या कार्यशाळेत तो सात वर्षं जात होता. कधी आठवडाभर गेला नाही तरी तिथून कोणाचा फोन आल्याचं मला आठवत नाही. हजेरीच्या वहीत फुली पडत असेल.

बसचं तुला आम्ही सांगितलं नव्हतं, आता सांगते. शिकवलं टप्प्याटप्प्याने. आधी मी शेजारी, मग दोन बाकं मागे, मग मागच्या बसमध्ये, शेवटी घरी घड्याळाकडे बघत. एक दिवस तो उतरायचा थांबा चुकला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. पाऊण तास मला काही कळेना. नंतर समजलं की त्याने खिशातलं कार्ड काढून चालकाला दाखवलं, चालकाने त्याला परतीच्या गाडीत बसवून दिलं. घरी आल्यावर तो अजिबात घाबरलेला नव्हता, जरा ऐटीतच होता. मी मात्र बाबांना सांगून टाकलं, बस बंद. पुढच्या गुरुवारी साडेतीनला तो पिशवी घेऊन दारात उभा. मी म्हटलं, मी येते. तो म्हणाला, "तू घरी." एवढंच. 1972 साली रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन लेखकाने धोका पत्करण्याचा मान असा शब्द वापरला होता, सगळे धोके काढून घेतले की त्याबरोबर माणसाचा मानही जातो अशा अर्थाने. वाचायला फार छान आहे. दारात उभं राहून त्याच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघताना तेच वाक्य घशात अडकतं. पण गेला, आणि आला.

सगळं गोडगोड आहे असं समजू नकोस. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा अजूनही शेवटी भरते. एक बाई अजून त्याचा गाल ओढतात, त्याच्या दाढीचे खुंट टोचत असतील तरी. आणि जो मुलगा दोन वर्षं त्याच्याबरोबर फिरायला यायचा, त्याचं लग्न झालं, गाव बदललं, फोन थांबले. दादा महिनाभर त्याच्या वेळेला चप्पल घालून बसायचा. मैत्री म्हटली की हेही आलंच. तुझ्याही आल्यागेल्या की.

आठ वर्षांपूर्वी पालकांच्या बैठकीत आमच्याकडून एक चित्र काढून घेतलं होतं, कॅनडातून आलेली पद्धत. एकात एक चार वर्तुळं. अगदी आत जिवाभावाची माणसं, त्याबाहेर मित्र, त्याबाहेर एखाद्या मंडळात, कामात, छंदात भेटणारे, आणि सगळ्यांत बाहेर पैसे घेऊन मदत करणारे. दादाच्या चित्रात आत आपण तिघं, बाहेर डॉक्टर, वाचा-उपचारवाल्या बाई, कार्यशाळेतल्या ताई, आणि मधली दोन वर्तुळं कोरी. मी आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांचे कागद तसेच. व्हँकुव्हरमध्ये अशाच काही पालकांनी 1989 साली प्लॅन नावाची संस्था काढली, ती याच कोऱ्या जागेसाठी. मुलाभोवती माणसं जोडायची आणि ती जोडलेली राहतील हे बघायला कोणीतरी ठेवायचं. कारण आमच्यानंतर त्याला छप्पर कोण देईल हे कसंही सोडवता येतं. त्याला कोण ओळखेल, हे कुठल्याही मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

तुझ्या बेताची मला भीती वाटते ती इथेच. दादाला तू इथून उचलून तुझ्या घरी नेलंस, तर आतल्या वर्तुळात तू एकटी आणि बाकी पुन्हा कोरं. तू आजारी पडलीस की त्याचंही आयुष्य थांबलं. आणि एक कडवट गोष्ट लिहिते, तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल. अशा माणसाला धोका सर्वांत जास्त तिथे, जिथे त्याला बघणारं एकच माणूस असतं आणि त्या माणसाकडे बघणारं कोणी नसतं. माझा हात त्याच्यावर दोनदा उठला आहे. दोन्ही वेळा घरात आम्ही दोघंच होतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. आपण दोघी फोनवर इतकं भांडलो, पण त्याला कोणी विचारलं? मग आम्ही विचारलं. त्यातही शिकण्यासारखं होतं. "चिऊकडे राहशील ना?" असं विचारलं असतं तर तो "हो" म्हणाला असता. "इथेच राहशील ना?" यालाही "हो"च. समोरच्याला बरं वाटावं म्हणून असे अनेक जण हो म्हणतात. दोन पर्याय तोंडी दिले तर शेवटचा उचलतात. म्हणून फोटो घेतले: तुझं घर, आपलं घर, वाचनालयामागची ती इमारत जिथे तिघं जण मदतनीसाबरोबर भाड्याने राहतात, आणि माणसांचे फोटो वेगळे. तीन वेगळ्या दिवशी, क्रम बदलून. तिन्ही वेळा त्याने वाचनालयामागची इमारत घेतली आणि तिच्याशेजारी मास्तरांचा फोटो ठेवला. आमचा फोटो एकदा जवळ, दोनदा लांब! बाबा हसले, मला जरा लागलंच. तुझा फोटो मात्र त्याने टेबलावर ठेवलाच नाही. उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला आणि तिथे धरून उभा राहिला. बाबा म्हणतात, चिऊ येण्याच्या तारखा विचारतोय. असेलही. मी अर्थ लावत नाही, फार वर्षं लावला.

त्या घरात पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोन रात्री तो राहून बघणार आहे. जमलं नाही तर परत. तेही त्यानेच सांगायचं.

कायदेशीर पालकत्वाचे जे कागद तू स्वतःच्या नावावर करायला सांगत होतीस, ते आम्ही तूर्त थांबवले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच कराराच्या 12 व्या कलमावर 2014 साली समितीने जे लिहिलं त्याचा रोख असा की निर्णय त्याच्याऐवजी कोणी घेऊ नये, त्याला तो घेता यावा म्हणून मदत उभी करावी. प्रत्यक्षात हे किती जमेल याची बाबांना शंका आहे, मलाही थोडी आहे, विशेषतः बँकेच्या खिडकीपाशी. पण एका नावाऐवजी आम्ही पाच नावं लिहिली आहेत. त्याला समजावून सांगणारी, आणि एकमेकांवर लक्ष ठेवणारी. मास्तर, ग्रंथपालबाई, तुझा मामेभाऊ, त्या घरातल्या एकाची आई, आणि तू. पाचातली एक. हे तू दुसऱ्या देशातूनही करू शकतेस, आणि पैशाच्या हिशेबाकडे बघायला लांबचा डोळा बराच असतो.

तेव्हा नकाराचं पत्र पाठवू नकोस. पाठवलं असशील तर आज फोन करून मागे घे, लाजू नकोस.

आणि दादाशी बोलायचं तर माझ्या फोनवर बोलू नकोस. त्याचा स्वतःचा नंबर आहे, मागच्या महिन्यात घेतला, खाली लिहून दिलाय. उचलल्यावर तो लगेच बोलत नाही, मनात दहापर्यंत मोज. मध्ये "हॅलो, हॅलो" करत राहिलीस तर त्याला पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागते. गुरुवारी चार ते सहा फोन करू नकोस, उचलणार नाही. कामावर असतो.

तुझी,
आई