महेश्वरच्या घाटावर भेटलेल्या काकूंना

काकू, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. नर्मदा परिक्रमेतल्या कुणाच्या वाचनात आलं तर तुमच्यापर्यंत पोचेल.

नर्मदेची आरती सुरू व्हायची होती. मी मागे, किल्ल्याच्या भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही खुणेनं बोलावलंत, पायरीवर सरकून जागा केलीत. बसण्याआधीच मी सांगून टाकलं, "काकू, मी देव मानत नाही." तुम्ही म्हणालात, "असू दे की. बस."

मी अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, शिबिरांत वाढलेली. पूजेच्या गर्दीत माझं अंग आक्रसतं. आरतीचं ताट फिरत आलं तेव्हा शेजारच्या बाईंनी प्रेमानंच माझा हात धरून ज्योतीवर न्यायला घेतला, तर तुम्ही हळूच म्हणालात, "इनका रहने दो." मला ओशाळल्यासारखं झालं नाही आणि त्या बाईंनाही वाईट वाटलं नाही. हे किती अवघड असतं ते मला माहीत आहे. त्यामुळेच मी आरती डोळे भरून पाहिली. एरवी आपण कशात ओढले जात नाही ना, या पहाऱ्यातच माझा सगळा वेळ गेला असता. तुम्ही झोळीतून नर्मदाजलाची कुपी काढून समोर ठेवलीत, तिला हळद-कुंकू वाहिलंत. तुमचा तो चेहरा मला पाहता आला.

पण खरे आभार नंतरच्या गप्पांसाठी. माझ्यासाठी नर्मदा म्हणजे सरदार सरोवर धरण, त्याच्या बुडितातलं मणिबेली गाव, धरणाची १३८.६८ मीटर उंची. तुम्ही सांगितलंत की शूलपाणीच्या झाडीतली, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलातली, परिक्रमेची जुनी वाट पाण्याखाली गेल्यामुळे दक्षिण तटावर नदी सोडून शहादा-प्रकाशावरून जावं लागलं, आणि मैया दिसत नव्हती त्या दिवसांत तुमच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बुडिताचे कितीतरी अहवाल मी वाचलेत. नदी उजव्या हाताला ठेवून चालणाऱ्यांची वाटही बुडाली, हे त्यांतल्या एकातही मी वाचलं नव्हतं. मग तुम्ही मणिबेलीच्या लोकांबद्दल विचारत राहिलात. कुणाला जमीन मिळाली, कुणाला नाही, मुलं कुठे शिकतात. आश्रमात जेवणाची घंटा झाली तरी उठला नाहीत. इतकं मन लावून हे सगळं मला आमच्या सभांमध्येही फार थोड्यांनी विचारलंय.

मी आजही देव मानत नाही, आणि मी मानावा असं तुम्ही एकदाही सुचवलं नाहीत.

काकू, परिक्रमा पुरी झाली की मणिबेलीला चला. परिक्रमेत असते ती नदी ओलांडायची बंदीही तेव्हा तुम्हाला नसेल. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर जिथे बुडालं, तिथवर नावेनं जाऊ. जीवनशाळेतल्या, म्हणजे धरणग्रस्तांच्या शाळेतल्या, मुलांना तुमच्याकडून अमरकंटक, नर्मदेचा उगम, ऐकायचं आहे, मी त्यांना तसं सांगून ठेवलंय.

तुमची,
पायरीवर शेजारी बसलेली